ऑब्जेक्ट ओरिएंटेड आज्ञावलींचे स्वयंचलित अवकलन

ऑब्जेक्ट ओरिएंटेड आज्ञावलींचे स्वयंचलित अवकलन म्हणजे क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या साहाय्याने रचलेल्या संगणकीय आज्ञावलीकडून, तिने काढलेल्या उत्तराबरोबरच त्या उत्तराचे अवकलजही अचूकपणे मिळवण्याचे तंत्र होय. अवकलनाला मराठीत विकलन असाही शब्द रूढ आहे. आज्ञावलीला बाहेरून पुरवलेले एखादे मूल्य किंचित बदलले तर तिचे उत्तर किती बदलेल, या प्रश्नाचे उत्तर अवकलज देतो. हवामानाचा अंदाज, विमानाच्या पंखांची रचना, सांख्यिकी आणि यंत्र-शिक्षण या क्षेत्रांत अशा अवकलजांची सतत गरज भासते.

या तंत्राचा गणिती पाया म्हणजे कलनशास्त्रातील साखळी नियम. तो जुना आहे आणि उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यालाही परिचित असतो. खरी अडचण उद्भवते ती आज्ञावली लिहिण्याच्या पद्धतीमुळे. ऑब्जेक्ट आपली मूल्ये आत झाकून ठेवतो, ती वारंवार बदलतो आणि नेमके कोणते काम करायचे हे पुष्कळदा प्रत्यक्ष चालतानाच ठरवतो. अवकलनाच्या सर्वांत उपयुक्त रीतीला मात्र आज्ञावली उलट क्रमाने चालावी लागते व त्यासाठी पुसली गेलेली जुनी मूल्ये लागतात. ती मिळाली नाहीत तर आज्ञावली थांबत नाही. ती चुकीचा आकडा निमूटपणे देते. म्हणून या साधनांच्या सुधारणेत वेगाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व विश्वासार्हतेला आहे.

अवकलज काढण्याचे मार्ग

संगणकावर अवकलज काढण्याचे चार मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे सूत्र हाताने काढून त्याची स्वतंत्र आज्ञावली लिहिणे. लहान सूत्रासाठी हे ठीक आहे. हजारो ओळींच्या आज्ञावलीसाठी ते अतिशय कष्टाचे व चुकांना वाव देणारे ठरते. दुसरा मार्ग बैजिक अवकलनाचा, म्हणजे संगणकाकडूनच सूत्राचे रूपांतर करून घेण्याचा. यात सूत्र झपाट्याने फुगते, आणि आवर्तने व अटी असलेली आज्ञावली एका सूत्रात मांडणे कठीण जाते.

तिसरा मार्ग सान्त अंतराचा. यात आदान, म्हणजे बाहेरून दिलेले मूल्य, थोडे वाढवून आज्ञावली पुन्हा चालवतात आणि दोन उत्तरांतील फरकाला त्या वाढीने भागतात. हा मार्ग सोपा आहे, पण अचूक नाही. वाढ मोठी घेतली तर सन्निकर्षाची त्रुटी वाढते. फार लहान घेतली तर जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांच्या वजाबाकीत सार्थ अंक नाहीसे होतात. सुमारे १६ सार्थ अंकांच्या नेहमीच्या गणनेत एकतर्फी अंतराने साधारणपणे ८ अंकच विश्वसनीय मिळतात. शिवाय आदाने एक लाख असतील, तर आज्ञावली एक लाखाहून अधिक वेळा चालवावी लागते.

चौथा मार्ग स्वयंचलित अवकलनाचा. कोणतीही संख्यात्मक आज्ञावली अखेरीस बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि साइन, घातांकी यांसारखी मोजकी फलने यांच्या लांबलचक मालिकेत मोडते. यांपैकी प्रत्येकाचा अवकलज ठाऊक असतो. साखळी नियमाने ते एकामागून एक जोडत गेल्यास संपूर्ण आज्ञावलीचा अवकलज मिळतो. यात सन्निकर्षाची त्रुटी नसते; मूळ गणनेत असते तेवढीच पूर्णांकनाची त्रुटी राहते.

अग्रगामी व प्रतिगामी रीती

साखळी नियमातील दुवे दोन दिशांनी जोडता येतात. अग्रगामी रीतीत आज्ञावली ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने प्रत्येक मूल्यासोबत त्याचा अवकलजही पुढे नेला जातो. ही रीत समजण्यास व राबवण्यास सोपी आहे. परंतु एका फेरीत एकाच आदानाच्या संदर्भातले अवकलज मिळतात.

प्रतिगामी रीतीत आधी आज्ञावली नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत चालवतात आणि मग उत्तरापासून आरंभाकडे मागे येतात. मागे येताना प्रत्येक मधल्या मूल्याचा अंतिम उत्तरावर किती प्रभाव आहे, हे नोंदवले जाते. या प्रभावाला सहमूल्य म्हणता येईल. या रीतीचे वैशिष्ट्य असे की, उत्तर एकच असेल तर आदाने कितीही असोत, सर्वांचे आंशिक अवकलज एकाच परतीच्या फेरीत मिळतात. त्यासाठी लागणाऱ्या क्रियांची संख्या मूळ गणनेच्या काही मोजक्या पटींतच राहते. वाल्टर बाउर आणि फोल्कर स्ट्रासेन यांनी १९८३ मध्ये अशा प्रकारची मर्यादा सिद्ध केली. लक्षावधी गुणांक असलेल्या चेताजालांचे प्रशिक्षण शक्य होते ते याच रीतीमुळे. त्या क्षेत्रात तिला बॅकप्रोपगेशन म्हणतात.

उदाहरण

बालाघाटच्या डोंगराळ भागातील, समजा बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील, एका तलावाच्या पाणीसाठ्याचे अगदी साधे प्रतिमान घेऊ. पुढील आकडे केवळ समजावणीसाठी कल्पिलेले आहेत. 'तलाव' नावाच्या क्लासमध्ये 'साठा' हे एक मूल्य आहे आणि 'एक दिवस पुढे' ही एक मेथड आहे. ती मेथड पुढील हिशेब करते:

नवा साठा = जुना साठा × (१ − ब) + क × प

यात 'ब' म्हणजे एका दिवसात बाष्पीभवनाने जाणारा अंश, 'प' म्हणजे त्या दिवशीचा पाऊस आणि 'क' म्हणजे पावसापैकी तलावात पोहोचणारा अंश. आरंभीचा साठा १००, ब = ०.१ आणि क = ०.५ मानू. पहिल्या दिवशी पाऊस ४० व दुसऱ्या दिवशी ० आहे. पहिल्या दिवसाअखेर साठा ९० + २० = ११० होतो. दुसऱ्या दिवसाअखेर तो ११० × ०.९ = ९९ होतो.

आता बाष्पीभवनाचा अंश 'ब' बदलल्यास अंतिम साठा कसा बदलेल, ते प्रतिगामी रीतीने काढू. अंतिम साठ्याचे सहमूल्य १ धरतात. दुसऱ्या दिवसातून मागे येताना 'ब'च्या खात्यात −११० जमा होतात, कारण त्या दिवशीचा जुना साठा ११० होता. पहिल्या दिवसाअखेरच्या साठ्याचे सहमूल्य ०.९ होते. पहिल्या दिवसातून मागे येताना 'ब'च्या खात्यात ०.९ × (−१००), म्हणजे −९० आणखी जमा होतात. एकूण अवकलज −२०० येतो. याच फेरीत 'क'चा अवकलज ०.९ × ४० = ३६, पहिल्या दिवसाच्या पावसाचा ०.९ × ०.५ = ०.४५ आणि आरंभीच्या साठ्याचा ०.९ × ०.९ = ०.८१ हेही मिळतात. 'ब' ०.१० वरून ०.११ केल्यास साठा ९९ वरून ९७.०१ होतो, म्हणजे सुमारे २ एककांनी घटतो. −२०० या उत्तराशी हे जुळते.

या गणनेत ११० आणि १०० या दोन जुन्या मूल्यांची गरज पडली. आज्ञावली संपल्यावर ऑब्जेक्टमध्ये मात्र ९९ हे एकच मूल्य उरलेले असते, कारण दोन्ही वेळा नवा साठा जुन्याच्या जागी लिहिला गेला. एखाद्या साधनाने जुनी मूल्ये जपली नाहीत आणि परतीच्या वाटेवर ऑब्जेक्टमधला ९९ हाच आकडा वापरला, तर उत्तर −९९ − ८९.१ = −१८८.१ येईल. हे उत्तर सुमारे ६ टक्क्यांनी चुकीचे आहे. पण त्याचे चिन्ह बरोबर आहे आणि आकारही पटण्याजोगा आहे. पाहणाऱ्याला शंका यावी असे त्यात काहीच नाही. मोजलेल्या पाणीपातळीवरून 'ब'चे योग्य मूल्य शोधताना असा अवकलज वापरला, तर शोध मंदावतो किंवा चुकीच्या मूल्यावर थांबतो. दोन दिवसांच्या हिशेबातील ही गोष्ट लाखो पायऱ्यांच्या आज्ञावलीत शोधून काढणे अतिशय कठीण असते.

इतिहास

आज्ञावलीतून यांत्रिकपणे अवकलज काढण्याची कल्पना रॉबर्ट वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये एका छोट्या लेखात मांडली. ती अग्रगामी रीत होती. प्रतिगामी रीतीची स्पष्ट मांडणी सेप्पो लिन्नाइन्मा यांच्या हेलसिंकी विद्यापीठातील १९७० च्या प्रबंधात आढळते. त्यांचा मूळ विषय पूर्णांकनाच्या त्रुटींचा संचय हा होता. बर्ट स्पीलपेनिंग यांनी इलिनॉय विद्यापीठातील १९८० च्या प्रबंधात, कंपायलरप्रमाणे आज्ञावलीचे रूपांतर करून ग्रेडियंट काढण्याची पद्धत मांडली. पुढे आंद्रेआस ग्रीवांक यांनी या विषयाला सुसंघटित रूप दिले. त्यांचा 'इव्हॅल्युएटिंग डेरिव्हेटिव्हज' हा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंद्रेआ वाल्थर सहलेखिका आहेत.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा प्रवाह याला समांतर वाहत होता. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लासची कल्पना आली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून विकसित केलेल्या भाषेला १९८३ मध्ये सी प्लस प्लस हे नाव मिळाले. वैज्ञानिक गणनेत मात्र दीर्घकाळ फोर्ट्रानचेच राज्य होते. त्यामुळे ॲडिफोरसारखी १९९० च्या दशकातील अवकलन-साधने प्रामुख्याने फोर्ट्रान ७७ साठी होती. त्या भाषेत मूल्ये उघड्या सारण्यांत ठेवलेली असत आणि कोणते उपकार्य केव्हा चालणार हे वाचूनच कळे. वैज्ञानिक आज्ञावली सी प्लस प्लस, पायथन यांसारख्या भाषांत लिहिल्या जाऊ लागल्या, तसे जुन्या साधनांचे हे सोपेपण संपले.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचनेमुळे येणाऱ्या अडचणी

मूल्यांचे पुनर्लेखन. ऑब्जेक्टची मेथड आपल्याच आतील मूल्ये बदलते. मेथड बोलावणाऱ्या ओळीकडे पाहून कोणते मूल्य पुसले गेले ते दिसत नाही. वरच्या उदाहरणातील चूक याच प्रकारची आहे.

बहुरूपता. 'तलाव' या क्लासपासून 'पाझर तलाव' आणि 'साठवण तलाव' असे दोन क्लास निघाले आणि प्रत्येकाची 'एक दिवस पुढे' ही मेथड वेगळी असली, तर कोणती मेथड चालेल हे ऑब्जेक्टच्या प्रकारावरून आज्ञावली चालतानाच ठरते. आज्ञावलीचा मजकूर वाचून रूपांतर करणाऱ्या साधनाला सर्व शक्यता गृहीत धराव्या लागतात. परतीच्या वाटेवर जाताना कोणती मेथड चालली होती, याचीही नोंद लागते.

एकाच ऑब्जेक्टची अनेक नावे. दोन गावांच्या पाणीयोजनांचे ऑब्जेक्ट एकाच तलावाकडे निर्देश करत असतील, तर एका योजनेतून झालेला बदल दुसरीलाही लागू होतो. ही दोन नावे एकाच ऑब्जेक्टची आहेत की दोन वेगळ्या ऑब्जेक्टची, हे साधनाला निश्चित सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर सुरक्षिततेसाठी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मूल्ये जपून ठेवावी लागतात.

संख्येच्या प्रकाराचा आग्रह. अनेक साधने साध्या संख्येच्या जागी मूल्य आणि अवकलजाची माहिती एकत्र वाहणारा नवा प्रकार वापरतात. पण जुन्या आज्ञावलीत साध्या संख्येचा प्रकार जागोजागी पक्का लिहिलेला असतो. एखाद्या ठिकाणी नव्या प्रकारातून केवळ मूल्य काढून घेतले गेले, तर साखळी तिथेच तुटते आणि पुढील अवकलज शून्य येतो. सी प्लस प्लसमध्ये आणखी एक बंधन आहे. प्रकार मोकळा ठेवणारी टेम्प्लेट मेथड व्हर्च्युअल असू शकत नाही. त्यामुळे बहुरूपता आणि प्रकाराचे स्वातंत्र्य दोन्ही हवे असल्यास संपूर्ण क्लासच टेम्प्लेट करावा लागतो.

स्मृतीचे व्यवस्थापन. ऑब्जेक्ट निर्माण होतात आणि काम संपल्यावर नष्ट होतात. उलट फेरीत हा क्रमही उलटतो. मूळ फेरीत नष्ट झालेला ऑब्जेक्ट परतीच्या वाटेवर पुन्हा उभा करावा लागतो. नव्याने उभ्या केलेल्या ऑब्जेक्टचा स्मृतीतील पत्ता जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो, आणि मग जुना पत्ता जपून ठेवूनही निरुपयोगी ठरतो.

साधने सुधारण्याचे मार्ग

फीत आणि क्रियाचिन्हांचे नवे अर्थ. सी प्लस प्लससारख्या भाषांत बेरीज, गुणाकार इत्यादी चिन्हांना नव्या प्रकारासाठी नवा अर्थ देता येतो. याचा लाभ घेऊन आज्ञावली चालतानाच प्रत्येक क्रियेची नोंद एका लांब यादीत केली जाते. या यादीला टेप किंवा फीत म्हणतात. प्रत्यक्ष घडलेल्या क्रियाच फितीवर येत असल्यामुळे बहुरूपतेचा आणि अनेक नावांचा प्रश्न आपोआप सुटतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले एडॉल-सी, तसेच सीपीपीएडी आणि आखेन येथील उवे नाउमान यांच्या गटाचे डीसीओ ही या पद्धतीची साधने होत. उणीव आहे ती फितीच्या लांबीची. समजा, आज्ञावलीत १०० कोटी मूलभूत क्रिया झाल्या आणि प्रत्येक नोंदीला २० बाइट लागले, तर फीत २० गिगाबाइटची होते.

एक्स्प्रेशन टेम्प्लेट. टॉड वेल्डहाउझेन यांनी १९९५ मध्ये वर्णिलेल्या या तंत्रात एका विधानातील संपूर्ण राशीची रचना कंपायलरलाच कळते. त्यामुळे राशीतील प्रत्येक क्रियेची वेगळी नोंद न करता संपूर्ण विधानाची एकच नोंद पुरते. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे सकाडो, रॉबिन होगन यांचे २०१४ मधील अडेप्ट आणि जर्मनीतील कोडीपॅक या साधनांनी हा मार्ग वापरला. फितीची लांबी आणि लागणारा वेळ दोन्ही त्यामुळे लक्षणीय घटतात.

स्वतंत्र स्मृतीसाठा. सांख्यिकीतील स्टॅन या प्रणालीच्या गणित-संग्रहात प्रत्येक मधले मूल्य हाच एक लहान ऑब्जेक्ट असतो आणि स्वतःचे सहमूल्य मागे कसे पोहोचवायचे हे सांगणारी व्हर्च्युअल मेथड त्याच्याजवळ असते. हे असंख्य छोटे ऑब्जेक्ट एका सलग राखीव साठ्यात ठेवले जातात आणि काम संपल्यावर एकदम मोकळे केले जातात. येथे ऑब्जेक्ट ओरिएंटेड रचना ही अडचण न राहता साधनाच्याच बांधणीचा आधार बनते.

कंपायलरच्या पातळीवरील अवकलन. फ्रान्समधील इन्रिया संस्थेचे टापेनाद हे साधन फोर्ट्रान व सी भाषेतील आज्ञावली वाचून अवकलजाची नवी आज्ञावली लिहून देते. सी प्लस प्लसचे व्याकरण मात्र इतके गुंतागुंतीचे आहे की, त्यासाठी स्वतंत्र वाचक लिहिणे फार खर्चिक ठरते. क्लॅड या साधनाने त्यावर सरळ उपाय शोधला: क्लँग या कंपायलरने स्वतःसाठी तयार केलेली आज्ञावलीची रचनाच ते वापरते. विल्यम मोझेस आणि व्हॅलेंटिन चुरावी यांनी २०२० मध्ये मांडलेले एन्झाइम हे साधन आणखी खाली, एलएलव्हीएम या कंपायलर-प्रणालीच्या मधल्या भाषेवर काम करते. तेथे पोहोचेपर्यंत कंपायलरने अनावश्यक क्रिया काढून टाकलेल्या असतात. अशा सुधारलेल्या आज्ञावलीचे अवकलन केल्यास, सुधारणेपूर्वी केलेल्या अवकलनाच्या तुलनेत, लेखकांच्या चाचणीसंचावर सरासरी ४.२ पट वेग मिळाला. तथापि त्या पातळीवर क्लासची ओळख पुसली गेलेली असते. स्मृतीतील अमुक बाइट म्हणजे दशांश संख्या आहे की पत्ता, हे साधनाला विश्लेषणाने पुन्हा शोधून काढावे लागते.

भाषेतच केलेली सोय. २०१८ ते २०२१ या काळात चाललेल्या स्विफ्ट फॉर टेन्सरफ्लो या प्रकल्पात, एखाद्या प्रकाराचे अवकलन होऊ शकते की नाही हे भाषेतच घोषित करण्याची सोय होती. साखळी तुटणारी जागा त्यामुळे कंपायलर आधीच दाखवू शके. पायथनमधील जॅक्स या संचाने वेगळी शिस्त पत्करली: अवकलन करायचे फंक्शन शुद्ध असले पाहिजे, म्हणजे त्याने बाहेरचे काहीही बदलता कामा नये. ऑब्जेक्टमधील मूल्ये बाहेर काढून फंक्शनला द्यायची आणि बदललेली मूल्ये नव्या ऑब्जेक्टच्या रूपाने परत घ्यायची, अशी तेथील पद्धत आहे. पायटॉर्च या संचात पुनर्लेखनाला परवानगी आहे. परंतु प्रत्येक सारणीला आवृत्ती-क्रमांक दिलेला असतो. परतीच्या वाटेवर लागणारे मूल्य मध्येच बदलले गेल्याचे त्यावरून कळते आणि चुकीचे उत्तर देण्याऐवजी आज्ञावली चुकीचा संदेश देऊन थांबते.

टप्प्याटप्प्याने जतन. सर्व जुनी मूल्ये जपणे परवडत नसेल, तर काही ठराविक टप्प्यांवरची संपूर्ण स्थिती जपून मधला भाग गरजेनुसार पुन्हा चालवता येतो. यालाच चेकपॉइंटिंग म्हणतात. ग्रीवांक यांनी १९९२ मध्ये दाखवले की, योग्य टप्पे निवडल्यास स्मृती आणि वेळ या दोहोंची वाढ अत्यंत मंद ठेवता येते. उदाहरणार्थ, १० टप्पे जपण्याइतकी जागा असेल आणि कोणतीही पायरी ३ पेक्षा जास्त वेळा पुन्हा चालवायची नसेल, तरी २८६ पायऱ्यांची आज्ञावली उलटवता येते. ऑब्जेक्टच्या बाबतीत 'संपूर्ण स्थिती' म्हणजे काय, हा मात्र कळीचा प्रश्न ठरतो. एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे जाणारे सर्व निर्देश धरून पूर्ण प्रत घ्यावी लागते. वरवरची प्रत घेतल्यास जतन केलेले मूल्यही नंतर बदलून जाते.

गणिती ज्ञानाचा उपयोग. एकरेषीय समीकरणसंच सोडवणाऱ्या संग्रहाच्या आतील प्रत्येक क्रिया फितीवर घेणे अनावश्यक असते. परतीच्या वाटेवर त्याच सारणीची परिवर्त सारणी घेऊन आणखी एक समीकरणसंच सोडवला की सहमूल्ये मिळतात. म्हणून चांगली साधने अशा मेथडसाठी हाताने लिहिलेला अवकलज जोडू देतात.

पडताळणी

चूक मूक असल्यामुळे पडताळणी हा या तंत्राचा अविभाज्य भाग मानला जातो. पहिली कसोटी म्हणजे काही निवडक आदानांसाठी सान्त अंतराने उत्तर काढून तुलना करणे. वरील उदाहरणात −१९९ आणि −१८८.१ यांतील तफावत या कसोटीने लगेच उघड होते. दुसरी कसोटी अदिश गुणाकाराची: अग्रगामी आणि प्रतिगामी रीतींनी स्वतंत्रपणे काढलेल्या उत्तरांचे ठराविक अदिश गुणाकार जवळजवळ सर्व अंकांपर्यंत जुळले पाहिजेत. या कसोटीत वाढीच्या निवडीचा प्रश्न नसल्याने ती अधिक कडक असते. मात्र दोन्ही रीतींत समान चूक असेल, तर ती या कसोटीने सापडत नाही. म्हणून दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात.

उपयोग

द्रवगतिकीतील एसयू२ आणि ओपनफोम या सी प्लस प्लसमधील मोठ्या मुक्त प्रणाली ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहेत. एसयू२ मध्ये कोडीपॅकच्या साहाय्याने, तर ओपनफोममध्ये आखेन येथील गटाच्या साधनाने प्रतिगामी अवकलन साधले गेले आहे. त्यामुळे पंखाच्या किंवा नलिकेच्या आकारातील शेकडो बदलांचा परिणाम एकाच परतीच्या फेरीत कळतो. हवामानशास्त्रात निरीक्षणांशी प्रतिमान जुळवून घेण्याच्या चतुर्मितीय पद्धतीला सहमूल्यांची आज्ञावली लागते. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राने ही पद्धत १९९७ मध्ये नित्य वापरात आणली. यंत्र-शिक्षणातील टेन्सरफ्लो, पायटॉर्च व जॅक्स यांचा तर गाभाच स्वयंचलित अवकलन हा आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

अवकलनाच्या कल्पनेचे एक प्राचीन रूप भास्कराचार्यांच्या ११५० मधील 'सिद्धान्तशिरोमणि' या ग्रंथात आढळते. ग्रहांची तात्कालिक गती काढताना त्यांनी ज्येतील सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हा नियम वापरला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

आधुनिक काळात या विषयाच्या कंपायलर-बाजूशी निकट असलेले संशोधन मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि त्यांचे सहकारी यांनी माहितीच्या प्रवाहाचे विश्लेषण या विषयावर काम केले असून, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एक शोधनिबंध स्मृतीतील ऑब्जेक्टपर्यंत जाणाऱ्या निर्देशांच्या मागोव्यावर आहे. हे संशोधन अवकलनासाठी केलेले नव्हते. तथापि कोणते मूल्य पुढे लागणार आहे आणि दोन नावे एकाच ऑब्जेक्टची आहेत का, हे त्यातील प्रश्न अवकलन-साधनांनाही सोडवावे लागतात. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये कार्यरत झालेल्या 'प्रत्युष' या महासंगणकावर चालवल्या गेलेल्या हवामान व वातावरणाच्या प्रतिमानांचे क्षेत्रही या तंत्राच्या उपयोगाचे आहे.

मर्यादा

स्वयंचलित अवकलन आज्ञावलीचा अवकलज देते. आज्ञावली ज्या वास्तवाचे प्रतिमान आहे त्याचा नव्हे. प्रतिमानच सदोष असेल, तर अचूक अवकलजही उपयोगाचा नसतो. निरपेक्ष मूल्य, कमाल-किमान यांसारख्या क्रिया आणि अटींच्या सीमा येथे अवकलज अस्तित्वात नसू शकतो. तलाव पूर्ण भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागण्याचा क्षण हे त्याचे साधे उदाहरण आहे. अशा ठिकाणी साधन कोणत्या तरी एका बाजूचा अवकलज देते.

सर्व भाषांना आणि सर्व रचनांना लागू पडेल असे एकच साधन उपलब्ध नाही. फीत वापरणारी साधने व्यापक परंतु स्मृतीसाठी महाग, कंपायलरवर आधारलेली साधने वेगवान परंतु बांधण्यास अवघड, आणि शुद्ध फंक्शनांची शिस्त सुरक्षित परंतु जुन्या आज्ञावलींना गैरसोयीची, अशी विभागणी दिसते. म्हणून मोठ्या प्रणालींत अनेकदा यांचे मिश्रण केले जाते. नवी आज्ञावली लिहितानाच संख्येचा प्रकार मोकळा ठेवणे, स्थिती बदलणाऱ्या मेथड वेगळ्या ओळखता येतील अशा लिहिणे आणि ऑब्जेक्टची पूर्ण प्रत घेण्याची सोय ठेवणे, या तीन सवयींमुळे पुढे कोणतेही साधन वापरले तरी अवकलन सुकर होते.

हेही पाहा

कलनशास्त्र
साखळी नियम
ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग
कंपायलर
यंत्र-शिक्षण
भास्कराचार्य द्वितीय